मी कंप्युटर, दाबा

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या परभणीत चहा पिणारा एक कंप्युटर होता. उंची साडेपाच फूट, डोक्याला टक्कल, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवून तो म्हणायचा, "मी कंप्युटर. दाबा."

हे आमचे सर. पिठाच्या गिरणीवरच्या माडीत त्यांचा क्लास होता. खरा कंप्युटरही होता एक, पण लाइट असेल तर तो चालणार. म्हणून सरांनी पुठ्ठ्याच्या खिडक्या कापल्या होत्या. पडद्यावर दिसते ती चौकट म्हणजे खिडकी. तिच्यात नाव-गाव भरायचे रकाने आणि खाली बटण. हे सगळं तयार मिळायचं. कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं, एवढंच आपण लिहायचं. तिथंच आमचं घोडं पेंड खायचं.

मी पाणीवाटपाच्या कचेरीत कारकून. येलदरी धरणाचं पाणी मागणाऱ्यांचे अर्ज कंप्युटरवर घ्यायचे म्हणून आम्हा तिघांना तिथं धाडलं होतं. आम्ही वहीत लिहून न्यायचो आणि सर त्याबरहुकूम वागायचे, शब्दभर जास्त नाही. एकदा मी 'खिडकी बंद करा' एवढंच लिहिलं, कुठली ते लिहिलं नाही. पुठ्ठ्याचं बटण दाबलं. सर उठले, भिंतीतली खरी खिडकी लावून आले आणि घाम पुसत बसले. आमची हसून मुरकुंडी वळली. ते हसले नाहीत. कंप्युटर कधी हसतो का?

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी खिडकी समोर ठेवली आणि मी बोट उचलायच्या आत काढून घेतली.

"वाट पाहा, असं तुमी लिहिलंच न्हाई," सर म्हणाले. "त्याला सांगावं लागतं, कोनीतरी दाबंल, तवर थांब. मानसाला सांगावं लागत न्हाई."

मग उगाच पुठ्ठ्यांच्या कडा सारख्या करत राहिले. त्याच खोलीत त्यांची खाट, स्टोव्ह आणि एकुलता एक कप. आम्ही आलो की कप आम्हाला, सरांचा चहा वाटीत. त्यांच्याकडे घरचं कोणी आलेलं आम्ही पाहिलं नाही. पत्रसुद्धा नाही.

माझ्या दोन सोबत्यांपैकी एकाची बदली झाली, दुसरा कंटाळला. उरलो मी. क्लासच्या मालकानं माझ्यादेखत सरांना बजावलं, की हा एक शिकला की मशीन उचलायचं आणि माडी सोडायची. सर "बरं" म्हणाले आणि त्यांनी माझी वही उघडली.

आता कबुली देतो. त्या दिवसापासून मी मुद्दाम चुकायला लागलो. गावाच्या रकान्यात एकर, एकराच्या रकान्यात वडिलांचं नाव. 'नोंदवा' दाबलं की अर्ज पुसला जायचा. चुकणं ही कला आहे, आणि मी तिचा रियाज केला. सर रोज तितक्याच गंभीरपणे पुठ्ठे मांडायचे. इतका जाणता माणूस, त्यांना कळत नव्हतं थोडंच! तरी तीन आठवडे हे असंच चाललं.

मग कचेरीत साहेबांनी ठणकावलं: उद्या अर्ज घेऊन दाखवा, नाहीतर तुमच्या जागी दुसरा बसेल. त्या दुपारी मी सगळं बरोबर लिहून नेलं.

सरांनी वही वाचली. परत वाचली. तळहात टेबलावर ठेवले. मी दाबत गेलो. रकाने भरले, नोंद झाली, पुढचा कोरा अर्ज समोर आला. कुठं अडेचना. सरांनी पुठ्ठे गोळा करून दोरीनं बांधले.

"जमलं तुमाला," म्हणाले.

पुढच्या सोमवारी गेलो तर माडीला कुलूप. सर चुडाव्याकडचे असावेत, असं गिरणीवाला म्हणाला. चुडावा स्टेशनावर उतरून मी दोनदा विचारून आलो. सर कुणालाच माहीत नव्हते.

पण त्या दुपारी मी निरोप घेऊन जिना अर्धा उतरलो होतो, तेव्हा वरून सरांची हाक आली. वळून पाहिलं तर ते दाराची चौकट धरून उभे. जे तोंडून गेलं, ते बोलायचं त्यांच्या मनात नसावं, कारण बोलल्या बोलल्या त्यांनी दार लोटून घेतलं.

"अजून एखादी चूक न्हाई का तुमच्याकडं?"