सुभेदार आबांचा ग्वेल्फमधला मुक्काम

किस्से हे शव्हलनं उपसलेल्या बर्फासारखे असतात. बाजूला टाकत राहावं, ढीग वाढतच जातो. इथं कॅनडात, ग्वेल्फला आमच्या घरी चार माणसं जेवायला आली की आबांचा विषय निघतोच.

आबा म्हणजे माझे आजोबा. फौजेत सुभेदार. काम, जमिनीत पुरलेले सुरुंग शोधून काढायचं. आजी गेल्यावर बाबांनी त्यांना इकडे आणलं. त्यांचे किस्से ऐकून पाहुणे पोट धरून हसतात. मीही हसते. पण खरं सांगू? त्या वर्षांत आम्ही भीत भीतच जगत होतो.

*

पहिल्याच विंटरमध्ये एका रात्रीत फूटभर बर्फ पडला. सकाळी आम्ही ऑफिस-शाळेच्या घाईत, आणि आबा दारात वाट अडवून उभे. "थांबा. मी टाकीन तिथंच पाय टाका."

काठीनं बर्फ टोचत ते गाडीपर्यंत गेले. मागे बाबा, आई, दादा, मी, एका रांगेत. शेजारच्या डेव्हनं विचारलं, काय चाललंय? दादा म्हणाला, "ही इज चेकिंग फॉर माइन्स."

डेव्ह हसला नाही. त्यानंतर तो आमच्याकडे यायचा तो आमच्या पावलांच्या ठशांवर पाय ठेवूनच.

*

कॅनडा डेला पार्कात फायरवर्क्स बघायला गेलो. पहिला बार उडाला आणि आबांनी आईला धरून ओल्या गवतावर पालथं पाडलं. वरून स्वतः आडवे. आई नव्या साडीत, सगळं पार्क बघतंय!

बार थांबल्यावर आबा म्हणाले, "सूनबाई, लागलं नाही ना?"

घरी येईपर्यंत आम्ही हसत होतो.  आई मात्र नंतर म्हणाली, "त्यांचं काळीज माझ्या पाठीवर किती धडधडत होतं, तुम्हाला काय माहीत."

*

गणपतीला मंडळात एकानं विचारलं, "आबा, तुम्हाला कधी भीती नाही वाटली?"

"वाटायची की. ज्याला वाटत नव्हती, तो दुसऱ्या दिवशी जेवायला नसायचा."

त्या माणसानं आबांच्या पानात दोन मोदक जास्त वाढले. 

*

मग आबा विसरायला लागले. स्टोव्ह चालू राहायचा. दादाला बाबांच्या नावानं हाक मारायचे. बाबांनी एकाच गोष्टीची धास्ती घेतली होती: उद्या आबांनी आपल्यालाच ओळखलं नाही तर?

त्यांना मेमरी टेस्टला नेलं. डॉक्टर विचारायचे, बाबा मराठीत सांगायचे. हे शहर कुठलं? आबांनी आपलं नाव, हुद्दा आणि फौजेतला नंबर सांगितला. वर्ष कुठलं? नाव, हुद्दा, नंबर. अर्धा तास हेच. डॉक्टरांनी शून्य मार्क दिले.

पार्किंग लॉटमध्ये आबा बाबांच्या कानाशी लागले. "शत्रूनं पकडलं तर एवढंच सांगायचं असतं. काही कळू दिलं नाही मी त्याला."

आता ते शून्य खरं धरायचं की नाही, हे बाबांना कोण सांगणार?

*

मार्चमधली एक दुपार. घराचं दार उघडं आणि आबा गायब. बाबा आणि मी पळत सुटलो. पार्कामागच्या गोठलेल्या तळ्याच्या मधोमध आबा उभे होते. बर्फ वितळायला लागला होता, जागोजागी काळं पाणी दिसत होतं.

बाबांनी पाय उचलला तोच आबा गरजले, "पुढं येऊ नको! सुरुंग आहेत."

बाबा जागच्या जागी थांबले. आबा वळले आणि आपल्याच पावलांवर पाय ठेवत, एकेक पाऊल टाकत यायला लागले. बर्फ करकरत होता. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा आबा काठावर होते. बाबांनी त्यांचा हात घट्ट धरला होता आणि बाबाच लटलट कापत होते. आबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. आपला मफलर काढून त्यांच्या गळ्यात गुंडाळला.

"नवा आहेस काय रे? पहिल्यांदा सगळेच भितात."

बाबांनी मान डोलावली.

"घरी कोण असतं तुझ्या?"

"वडील आहेत," बाबा म्हणाले.

"मग त्यांना पत्र टाक. म्हणावं, सुखरूप आहे. वाट बघत असतील."