शर्यतीच्या बैलाची अंडी

मैत्रिणींनो, आज वडगाव रासाईच्या आमच्या रानात मी जे केलं ते चुकलं असंल, तर तोंडावर सांगा.

कांदा काढणी चालू हाय. माझी लेक सायली सकाळपासून उन्हात पाट्या वाहत होती. उद्या शिरूरला तिची फुटबॉलची निवड चाचणी हाय.

माझे दीर लिंबाखाली बाजेवर पडून मोबाईल बघत होते. फुटबॉलच्या आफ्रिका कपची तयारी करणाऱ्या एका टीमचा सराव चालला होता. मला म्हणतात, "वहिनी, कोच हुशार हाय. मॅचच्या आदल्या दिवशी खेळाडूंना दमवत न्हाई. पाय ताजे ऱ्हायला पायजेत."

"आन् सायलीचे पाय, भाऊजी?"

"पोरीच्या खेळाचं काय एवढं? कांदा उचला आधी."

शेजारी त्यांचा शर्यतीचा बैल सावलीत रवंथ करत होता. त्याला औताला जुंपत न्हाईत, वर रोज दूध आन् अंडी.

मी सायलीच्या डोक्यावरची पाटी उतरवून भाऊजींच्या मांडीवर ठेवली. घरी आले आन् बैलाची सगळी अंडी उकडून पोरीला खाऊ घातली.

आता घरात बोंबाबोंब चाललीय, बैल उपाशी ऱ्हायला म्हणून. पोर सकाळपासून उपाशी होती, ते कुणाला दिसलं का?