हर्णैला एकानंच जायचं

मंडळी, आज डोकं फिरलंय.

मी आणि संतोष महाळुंग्यात एकाच मशीनवर आहोत. तो सुटला की मी लागतो. शिफ्ट बदलताना मिळणाऱ्या पाच मिनिटांत आम्ही महिनाभर हर्णैची ट्रिप ठरवली. वल्लभनगरहून दापोलीची एसटी, तिथून दुसरी एसटी, मग थेट समुद्र!

आज दोघांनी मिळून सुट्टीचे अर्ज दिले. सुपरवायझर हसायलाच लागले. "अरे, दोघंही गेलात तर मशीन कोण चालवणार? एकानं जा, एकानं थांबा."

महिनाभरात हे आम्हाला सुचलंच नव्हतं राव!

संतोष म्हणाला, "भावा, तू जाऊन ये." आणि कंपनीची बस पकडायला पळाला.

मी गेलो की माझ्या जागी डबल शिफ्ट संतोषच करणार. सांगा, त्या समुद्राकडे मी कुठल्या तोंडानं बघू?