देस्तिएर्रो आणि मामाची टोपली

नवरीचा, म्हणजे लुसियाचा, मामा कुठे आहे, असं नवऱ्या मुलाच्या आजी पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मी तिच्या वडिलांचं स्वागताचं भाषण इंग्रजीत सांगत उभा होतो. सिकंदराबादचा फंक्शन हॉल, मुहूर्त तोंडावर आलेला. तेलुगू लग्नात नवरीला टोपलीत बसवून मांडवात आणतात आणि ती टोपली उचलण्याचा मान मामाचा. इथे मामाचाच पत्ता नव्हता.

मी स्पॅनिश-इंग्रजी दुभाषी. आमचा एक नियम आहे. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं, ‘ते म्हणतात’ नाही. त्यामुळे दोन मुलग्यांचा बाप असलेला मी तिथे ‘माझी एकुलती एक लेक’ असं ठणकावून सांगत होतो.

लुसियाचे वडील एर्नेस्तो हे शाळामास्तर. सरकारविरुद्ध बोलले म्हणून त्यांना देशाबाहेर काढलेलं. त्याला स्पॅनिशमध्ये ‘एक्सिलिओ’ म्हणतात, पण ते त्यांना वर्तमानपत्री वाटतं. ते ‘देस्तिएर्रो’ म्हणतात. त्यात ‘तिएर्रा’ म्हणजे माती आहे, पायाखालून काढून घेतलेली. इंग्रजीत सरळ ‘एक्झाइल’. पण मला कामावर बोलावणाऱ्या, नवऱ्या मुलाच्या सौजन्या नावाच्या बहिणीने आधीच बजावलं होतं, “सर, एक्झाइल नक्को बोलो. शादी में अच्छा नहीं लगता. सेटल्ड अब्रॉड बोलो.”

मी कुरकुरलो, पण क्लायंट तीच. सेटल्ड अब्रॉड म्हणालो.

झालं! नवऱ्या मुलाकडचे निम्मे लोक अमेरिकेत सेटल्ड, आणि त्यांचे मामा लग्नाला धावत येतात. मग हिच्या मामांना विमानात बसायला काय झालं? आजींना तो अपमान वाटला. मामाला पडलेली नसेल तर टोपली राहू द्या, मुलगी चालत येईल, असं त्यांनी तेलुगूत सांगून टाकलं. लुसिया आत नटून त्या टोपलीचीच वाट बघत होती.

आजींचं म्हणणं मी एर्नेस्तोंना सांगितलं. ‘सेटल्ड’ कळण्याइतकं इंग्रजी त्यांना येत होतं. त्यांनी माझी बाही धरली.

“सेटल्ड नाही. खरा शब्द सांगा. माझ्या मेहुण्यांवर उगाच बोल येतोय.”

मी सौजन्याकडे बघायचंच टाळलं आणि एक्झाइल म्हणालो. आजींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून माझ्या मोडक्यातोडक्या तेलुगूत पुन्हा सांगितलं, “मला माझ्या मातीतून हाकललं. मला परत जाता येत नाही, आणि माझ्या मेहुण्यांना तिथून निघू देत नाहीत. लुसियाला मामा आहेत. त्यांची वाट अडवली आहे.”

आजींनी डोळ्यांना पदर लावला. मग मला नीट न्याहाळलं.

“इतका वेळ घरच्यासारखं बोलताय,” त्या म्हणाल्या. “आज मेनमामा, सख्खा मामा, तुम्हीच व्हा.”

हे एर्नेस्तोंना स्पॅनिशमध्ये सांगायला वळलो, तोवर आजी माझ्याकडे आणि टोपलीकडे बोट दाखवत होत्या. त्यांना न सांगताच कळलं. त्यांनी मला असं मिठीत घेतलं की चष्मा वाकडा झाला. चौघांनी मिळून टोपली उचलली, पुढची बाजू माझी, आणि माझ्या कमरेत लगेच कळ आली. लुसिया आतून खदखदून हसत होती, आणि शेजारून सौजन्या सांगत होती, “मामय्या, धीरे से.” इतकं सुखाचं काम मला क्वचितच मिळालं आहे.

दुभाष्याने कामात स्वतः शिरू नये, असं मी नव्या मुलांना अजूनही शिकवतो. शिरावंच लागलं, तर कमरेचा पट्टा बांधून जावं.