जपून ठेवलेला ॲम्प्लिफायर

"ताई, उद्या हळद हाय. काहीबी करा, पण याला बोलता करा."

सायखेड्याच्या कमलकाकूंनी ॲम्प्लिफायर माझ्या टेबलावर ठेवला. झाकण उघडायच्या आधीच जळका, आंबूस वास आला. पंचवटीतल्या या दुकानात मी वस्तू उघडून उघडूनच शिकले, कॉलेजात नाही. त्यामुळे माझं नाक आधी चालतं, मीटर नंतर.

काकूंचे यजमान शाळेत मास्तर होते. हा ॲम्प्लिफायर त्यांनी हौसेनं स्वतः जोडलेला. आतल्या ट्रान्सफॉर्मरची तारसुद्धा हातानं गुंडाळलेली. ते गेले, तेव्हा नात लहान होती. तिच्या लग्नात वाजवायचा म्हणून काकूंनी तो नऊवारीत गुंडाळून कपाटात ठेवला. त्यानंतर एकदाही चालू केला नाही.

"लय जपला हो. धूळ म्हणून बसू दिली नाय."

"तिथंच गोची झाली, काकू."

आत एक गोल डबी फुगून फाटली होती. तिला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हणतात. ती वीज साठवते आणि पुरवठा एकसारखा ठेवते. डबीत ॲल्युमिनियमची पट्टी आणि रसायनात भिजलेला कागद असतो. पट्टीवर एक अगदी पातळ थर असतो, सगळा खेळ त्याच्यावर. उष्णतेनं रसायन सुकलं की डबी मरते, हे पुष्कळांना माहीत असतं. पण नुसती पडून राहिली तरी तो थर कमजोर होतो. लोखंडी तवा रोज वापरला तर छान राहतो, माळ्यावर ठेवला की गंजतो. तसंच हे. मग एकदम पूर्ण वीज दिली की डबी भलताच करंट ओढते.

"इतक्या वर्षांनी चालू केल्यावर काय झालं?" मी विचारलं.

"फ्यूज उडाला," सोबतचे जावई म्हणाले.

"मग?"

"मग तार बांधली. जरा जाडच बांधली, परत उडू नये म्हणून."

"मी म्हणत व्हते ताईंकडं नेऊ," काकू म्हणाल्या. "तर म्हणे, एवढ्यासाठी नाशिक कशाला!"

जावई पंख्याकडे बघायला लागले. त्यांना तरी काय बोलणार? फ्यूज उडाला की जाड तार बांधणारा आपल्याकडे घरोघरी असतो. फ्यूज ओरडून सांगत होता, आत बिघाड आहे. यांनी त्याचंच तोंड बांधलं. डबी फुटली आणि मागोमाग ट्रान्सफॉर्मर जळला.

आधी आणला असता तर मी सिरीज बल्ब लावला असता. म्हणजे मध्ये एक बल्ब जोडून वीज बेताबेतानं सोडायची. पुष्कळदा थर पुन्हा धरतो. नाहीच धरला, तर डबी बदलायची. ती बाजारात कुठंही मिळते. मास्तरांच्या हातची गुंडाळी कुठून आणू?

संध्याकाळपर्यंत नवे कपॅसिटर आणि बाजारातला ट्रान्सफॉर्मर बसवून झाला. गाणं लागलं. काकूंनी डोळे मिटून ऐकलं.

"आवाज यांचाच हाय का वो?"

"बाकी जोडणी सगळी त्यांचीच आहे, काकू."

काळा पडलेला ट्रान्सफॉर्मर काकूंनी मागून घेतला, पिशवीतलं नऊवारी लुगडं काढलं आणि त्यात नीट गुंडाळला.

"ॲम्प्लिफायर आता रोज लावा, काकू," मी म्हटलं. "जपून ठेवायचं तर हे गाठोडं ठेवा. याचं आता काही बिघडणार नाही."