नाव घातलेलं भांडं

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या अण्णांइतका नावं घालणारा माणूस अख्ख्या तळोद्यात दुसरा नसेल. त्यांच्याविषयी मला नीट लिहिता येईल की नाही, कोण जाणे. त्यांच्या पेल्यावर नाव, छत्रीवर नाव, माउसच्या पोटावर नाव. चपलेवरही, पण एकाच. विचारलं तर म्हणाले, "दुसरी एकलीच लई जाईसन चोर काय करी?"

सर्व्हरचंही तसंच. आमच्या पावरी बोलीतल्या गोष्टी ऐकवणारा प्रोग्राम अण्णांनी बाहेरून आणून वेगळा बसवला होता. ते म्हणत, "सिस्टीम म्हणजे सासर, आपण टाकेल प्रोग्राम माहेरनं भांडं. नाव नही टाकं, तर सासू तिन्हा फळीवर मांडी दी." नाव घालणं म्हणजे त्या प्रोग्रामला अपडेटनं हात लावू नये, अशी खूण करून ठेवणं.

त्या गोष्टींत एक माझ्या आईनं सांगितलेली होती. ती ऐकायला आई एकदा धडगावहून जीपनं येणार होती. कॉलेज तिनं कधी पाहिलं नव्हतं. आदल्या दिवशी अण्णा ब्राह्मणपुरीला लग्नाला गेलेले. सगळं नीटनेटकं असावं म्हणून मी, वेडीनं, स्क्रीनवर विचारलेल्या अपडेटला 'हो' म्हटलं. सिस्टीमनं आपला प्रोग्राम अण्णांच्या प्रोग्रामवर आणून बसवला आणि गोष्टींचं पान उघडेना.

मी रडत फोन केला. अण्णा लग्नाचा फेटा तसाच बांधून आले. मी खाली मान घालून उभी. त्यांनी एक आज्ञा देऊन खूण केलेल्या प्रोग्रामांची यादी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "बेटा, तुन्ही चूक नही. मागला आठवडाले मशीन नवं करं, तवय नाव टाकानं मीच इसरनू!"

चपलेवर नाव घालणारा माणूस हेच विसरला होता. मला रडता रडता हसू आलं. त्यांनी प्रोग्राम पुन्हा बसवला, या वेळी आधी खूण केली. दुसऱ्या दिवशी हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकून आईनं पदरानं तोंड झाकलं. अण्णा खिडकीबाहेर पाहत राहिले.

यंदा अण्णा निवृत्त झाले आणि लॅब माझ्याकडे आली. परवा मी पहिल्यांदाच, भीत भीत, एकटीनं अपडेट चालवलं. सगळं बदललं. शेवटी गोष्टींच्या प्रोग्रामपुढे एक ओळ आली, हे एक तसंच ठेवलं आहे.

टेबलावर त्यांचा पेला राहिलाय, नावासकट. तोही मी तसाच ठेवलाय.