वीणा उतरवताना

त्या दिवसांत माझी सकाळची पूजा व्हायची, पण उरकल्यासारखी. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि डोळे मिटायचे. मिटलेल्या डोळ्यांपुढे शिव यायचा नाही, पुणं यायचं. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. तिथल्या एका मोठ्या खासगी विद्यापीठानं मला त्यांच्या सगळ्या क्रीडा विभागाची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. मी धारूरजवळच्या एका लहानशा कॉलेजात क्रीडा संचालक. संचालक म्हणजे काय, तर मैदानावर चुन्याची फक्की मारण्यापासून मुलींचे फाटके बूट शिवून आणण्यापर्यंत सगळं मीच. तिकडे हाताखाली माणसं होती, व्यायामशाळा होती, बारा महिने हिरवं राहणारं मैदान होतं. मला ते हवं होतं. उगाच साळसूदपणा कशाला करू, अगदी पोटातून हवं होतं.

अडचण एकच होती आणि तिला कुठल्याच बाजूनं वाट नव्हती. माझ्या खो-खोच्या संघातल्या मुली आसपासच्या वाड्यांवरून यायच्या. संध्याकाळी मैदानावर थांबायचं म्हटलं की घरचे आधी विचारायचे, तिथे बाईमाणूस कोण असतं? मग मी एकेकीच्या घरी जायचे, ओट्यावर बसून चहा प्यायचे, मुलगी कुठे जाते, कधी येते, सगळं सांगायचे. मनीषाच्या वडिलांनी तर तोंडावरच सांगितलं होतं, "तुमी हाव म्हणून धाडतो, मॅडम. तुमी नसल्यावर न्हाई." तेव्हा मला या बोलण्याचा अभिमान वाटला होता. पुढे तेच वाक्य माझ्या मानेवर बसलं. मी गेले की या मुलींचं खेळणं संपणार, हे मला पक्कं माहीत होतं.

बरं, थांबून तरी मी काय राखलं होतं? त्याच सुमारास आमची कर्णधार सुरेखा अचानक यायची बंद झाली. आईवडील ऊसतोडीला निघणार, लग्नाच्या वयाची मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून घाईघाईनं तिचं लग्न ठरवून टाकलं. मी गेले, बोलले, विनवण्या केल्या. तिचे वडील वाईट माणूस नव्हते, हेच जास्त वाईट होतं. ते खाली मान घालून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, तुम्ही सांभाळाल का तिला सहा महिने घरी ठेवून? माझं घर म्हणजे भाड्याची एक खोली, आजारी आई, आणि मी. हळद लागलेली सुरेखा आतून बघत होती. मी तिच्याकडे न बघता परत आले.

त्यानंतर माझं मनच मेलं. मैदानावर शिट्टी वाजवायचे, पण आतून वाटायचं, हे सगळं कशासाठी? राहिले तरी मुली जाणार आणि गेले तरी जाणार. मग मी स्वतःला इथे का गाडून घ्यायचं? आणि असा विचार आला की लगेच स्वतःचाच राग यायचा, कारण मुली तशाही जाणारच, असं म्हणून मी पुण्याची वाट मोकळी करून घेते आहे असं वाटायचं. माझ्या जाण्याची कुणकुण कशी कुणास ठाऊक, मुलींपर्यंत पोचली होती. सराव संपल्यावर मनीषा माझ्याजवळ रेंगाळली. ही पोर कधी जास्त बोलणारी नव्हे. ती म्हणाली, "मॅडम, तुमी गेल्यावर आमी घरून कुणाच्या नावावर निघायचं?" मी काहीतरी थातूरमातूर बोलून तिला घरी पाठवलं. त्या दिवशीपासून पूजेला बसले की हात कोरडे वाटायचे. देवा, तू सांग, असं म्हणायचीही इच्छा राहिली नाही. आपल्याला कुणी ऐकत नाही, याची मला खात्रीच झाली होती.

धर्मापुरी माझं आजोळ. तिथे दरवर्षी शिवनाम सप्ताह असतो आणि आईला तो चुकवलेला चालत नाही, म्हणून त्या सोमवारी मी तिला घेऊन गेले. पुण्याहून त्याच दिवशी फोन येणार होता, हो की नाही ते सांगायचं होतं. काय सांगायचं ते मी ठरवलेलंच नव्हतं. देवळात अखंड वीणा चालू होती. सप्ताहभर ती जमिनीवर टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून उतरली की दुसऱ्याच्या गळ्यात. ज्याचा त्याचा पहारा लावून दिलेला असतो. दुपारी पंगतीची धांदल सुरू झाली, तेव्हा मामीनं वीणा माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाली, "जरा येळ धर. मागनं येतंयच कुणीतरी."

मागून कुणी आलं नाही. पुढचा पहारा ज्यांचा होता त्या बाईंना ताप भरलेला, हे नंतर कळलं. मंडपात भांड्यांचा आवाज, वाढणाऱ्यांची पळापळ, आणि गाभाऱ्यासमोर मी एकटी तार छेडत उभी. खांदा भरून आला, मग पाठ. तेवढ्यात कोपऱ्यात ठेवलेल्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. तो पुण्याचाच असणार, हे कळत होतं. वीणा खाली ठेवता येत नव्हती आणि पहाऱ्याची जागा सोडून पर्सपर्यंत जाताही येत नव्हतं. तोंडानं शिवनाम चालू होतं, पण मनात मी देवाशी भांडत होते. काहून मीच? सगळीकडे मीच का उभी? मैदानावर मीच, घरी मीच, इथे दोन घटका शांत बसायला आले तर इथेही मीच. भांडता भांडता रडायलाच यायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता. सगळं गेलं, असं वाटलं. पुणंही गेलं, मुलीही गेल्या, आणि माझी ती थोडीशी भक्तीही.

कुणीतरी वाकून माझ्या पायांना हात लावला. वीणा घेताना आधी धरणाऱ्याला नमस्कार करतात. समोर एक बाई होती, माझ्याच वयाची असेल, डोक्यावर पदर, ओलसर केस. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "द्या माय. लई येळ झाला तुमाला. जावा आता."

मी विचारलं, तुमचा पहारा आहे का? ती म्हणाली, पहारा नाही, पण वीणा खाली टेकू द्यायची नाही एवढंच आहे ना? तिनं माझ्या गळ्यातला पट्टा धरला आणि वर उचलला. वीणा काही निघेना. मग ती अगदी हळू, लहान मुलाला समजावावं तशी म्हणाली, "सोडा की माय. मी हाय."

तेव्हा माझं लक्ष गेलं. माझीच मूठ वीणेभोवती आवळलेली होती. कुणी येत नाही म्हणून मी देवाशी भांडत होते, आणि आलेल्या माणसाच्या हातात द्यायला मी तयार नव्हते. बोटं एकेक करून सोडवावी लागली. तिनं वीणा गळ्यात घातली आणि मी सोडलेल्या नामापासून पुढे नाम सुरू झालं. मध्ये क्षणाचाही खंड पडला नाही. मी जे धरून ठेवलं होतं ते माझ्याशिवाय चालू होतं, आणि मला ते ऐकू येत होतं. मी तिथेच बसून खूप रडले.

फोन मी स्वतःहून केला आणि हो म्हणाले. आनंद झाला नाही. संध्याकाळी मामीला त्या बाईबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, असंल कुणाची पाव्हणी. मी जास्त शोध घेतला नाही. जी कुणी होती, तिच्या पाया पडायचं राहून गेलं, ही रुखरुख आहे.

वीणा सोडली म्हणून पुढे सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. जाणार हे कळल्यावर दोन मुलींचं येणं घरच्यांनी बंद केलं आणि त्या आजतागायत आलेल्या नाहीत. मनीषाही दिसेनाशी झाली. सुरेखा सासरी आहे, तिचा आवाजही मी ऐकलेला नाही. माझ्या कॉलेजनं तात्पुरता एक माणूस नेमला, चांगला मुलगा, पण बाईमाणूस नव्हे. मी रोज पूजेला बसायचे आणि एवढंच म्हणायचे, माझ्या हातून सुटलं आहे, आता तू बघ. विश्वास होता म्हणून म्हणत नव्हते. दुसरं काही म्हणण्यासारखं उरलं नव्हतं. आता वाटतं, शरण जाणं बहुतेक असंच असावं, आणि तेवढं तरी माझ्याकडून करून घेतलं याबद्दल मी शिवाची ऋणी आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी मैदानावर शेवटची गेले. मुली थोड्याच होत्या. त्यांच्यात मनीषा होती, आणि कडेच्या दगडावर तिची आई बसली होती. बाजारात भाजी विकते ती, उरलेल्या मेथीची टोपली तशीच शेजारी ठेवलेली. आजवर तिनं कधी मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. मला बघून उठली आणि पदर सावरत म्हणाली, "हिचा बाप म्हणला, मॅडम न्हाईत तर कुणीतरी बाईमाणूस पायजे तितं. म्हणलं, मी बी बाईमाणूसच हाय की."

तिनं मैदानाकडे नीट बघून घेतलं, कुठून कुठपर्यंत खेळतात ते हातानं दाखवून विचारलं, आणि मग म्हणाली, "पोरींना सोडायचं कवा असतं?"

अंधार पडायच्या आत, मी म्हणाले. ती परत दगडावर जाऊन बसली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मुली खेळत असताना, मी घरी निघाले.